विद्यापीठाच्या आवारातील कला आणि सांस्कृतिक कार्यक्रम: नवख्या विद्यार्थिनीने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: सह्यकुशी

सर्वांना नमस्कार.

मी चंदगड तालुक्यातील एका लहान गावातून आले असून यंदा शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र अधिविभागात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे. राहण्यास मुलींच्या वसतिगृहात आहे. आमच्याकडे कलेची ओळख होते ती श्रावणातल्या भजनातून, यात्रेतल्या सोंगी भजनातून आणि गणपतीत तरुण मंडळाने बसवलेल्या नाटकातून. माझे आजोबा भजनात पखवाज वाजवीत. पखवाजाच्या डाव्या बाजूला लावायची कणीक मळून देण्याचे काम माझ्याकडे असे, आणि ती थापल्यावर आवाज कसा खोल उतरतो हे ऐकण्यासाठी मी त्यांच्या गुडघ्याशी बसून राही. एवढेच माझे शिक्षण. मला गाता येत नाही, आणि चार माणसांसमोर उभे राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही.

पदवीची तीन वर्षे मी ज्या महाविद्यालयात काढली त्याचे नाव घेत नाही. तेथे युवा महोत्सवाचा संघ दरवर्षी ठरलेल्या दहा-बारा जणांचाच असे. निवड चाचणी कधी झाली हे मला एकदाही वेळेवर समजले नाही, आणि फलकावर अभिनंदनाचा कागद लागला म्हणजेच महोत्सव होऊन गेल्याचे कळे. आता एवढ्या मोठ्या आवारात आले आहे, तर ही दोन वर्षे तशीच जाऊ नयेत असे मनापासून वाटते.

म्हणून विचारते. येथे वर्षभरात कलेचे कोणते कार्यक्रम होतात? मंचावर न जाणाऱ्या, विज्ञान शाखेच्या मुलीला त्यांत जागा असते का? आणि नुसते पाहायला किंवा ऐकायला गेले तर परक्यासारखे वाटते का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: पडद्यामागे

मी या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असून दोन वर्षे मूकनाट्याच्या संघात होतो, त्यामुळे युवा महोत्सवाबद्दल थोडे अधिकाराने लिहू शकतो.

विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र युवा महोत्सव होतो आणि त्यात पुढे आलेल्या संघांचा मध्यवर्ती महोत्सव होतो. तेथून निवडलेले विद्यार्थी विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून राज्याच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात आणि भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागीय महोत्सवात जातात. स्पर्धांचे पाच गट असतात: संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला. आपल्यासारख्या विद्यार्थिनीने प्रथम शेवटचा गट पाहावा असे मी सुचवीन, कारण त्यात बोलावे लागत नाही. स्थळचित्रण, व्यंगचित्र, भित्तिचित्र, कोलाज, मातीकाम, रांगोळी, मेंदी, छायाचित्रण या सर्व स्पर्धांत कलाकार खाली मान घालून आपल्या हातांशी बोलत असतो. मातीकामाला अडीच तास मिळतात आणि विषय तेथेच जाहीर होतो. विषय ऐकल्यावर पहिली दहा मिनिटे कोणीच मातीला हात लावत नाही, नंतर एक जण लावतो आणि मग सगळ्यांचे हात एकदम चालू होतात. तो क्षण मी दोनदा पाहिला आहे आणि आजही तो मला कोणत्याही नाटकाच्या पडदा उघडण्याइतकाच प्रिय आहे.

आता मंचाविषयी. 'मंचावर जाणे' आणि 'बोलणे' या दोन गोष्टी एकच आहेत असे समजू नये. मीही बोलायला घाबरत असे, म्हणूनच मूकनाट्यात गेलो. संघात सहा जण आणि वेळ पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांसाठी आम्ही सव्वा महिना रोज संध्याकाळी एका वर्गातले बाक भिंतीला लावून, फरशीवर खडूने मंचाची मापे आखून तालीम करीत होतो. आमच्या प्रसंगात विहिरीतून एक जड वस्तू दोरीने वर ओढायची होती. सहा जणांच्या मुठी एका रेषेत आल्या नाहीत तर प्रेक्षकाला दोरी दिसत नाही, आणि एकाने जरी मूठ सैल सोडली तर ओझे हवेत तरंगू लागते. आमच्या दिग्दर्शकाने पहिले चार दिवस खरा नाडा आणून ओढायला लावला. हातांना वळ उठले. पाचव्या दिवशी त्याने नाडा काढून घेतला आणि म्हणाला, आता ओढा. आमच्या हातांना तो तेव्हाही लागत होता. प्रयोगाच्या दिवशी झिंक ऑक्साईड खोबरेल तेलात खलून चेहऱ्याला लावले आणि विंगेत उभे राहिलो, तेव्हा घामाने हनुवटीवरचा रंग ओघळू लागला होता. पण भीती मात्र आठवत नाही, कारण तो चेहरा माझा वाटतच नव्हता.

याशिवाय प्रत्येक संघाला पडद्यामागची माणसे लागतात. एकांकिकेला तीस मिनिटांची मर्यादा असते आणि मंच लावणे, उतरवणे हे घड्याळावर चालते. प्रकाशयोजना, संगीत, वेशभूषा, सामान सांभाळणे, वेळ मोजणे ही कामे करणारी शांत, नेमकी व्यक्ती संघाला देवासारखी वाटते. प्रयोगशाळेत ज्यांना मोजमापाची सवय असते ते येथे फार चांगले काम करतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

निवडीच्या माहितीसाठी विद्यार्थी विकास विभागाची परिपत्रके पाहावीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ती येतात. परंतु कागदाची वाट पाहत बसू नये. महोत्सव साधारणपणे पहिल्या सत्रात असतो, म्हणून प्रवेश झाल्याबरोबर आपल्या अधिविभागात सांस्कृतिक काम कोणत्या शिक्षकांकडे आहे हे विचारून नाव देऊन ठेवावे. वयाची अट पंचविशीची आहे, तीही एकदा पाहून घ्यावी.

उत्तर: जवारी

वरील उत्तर उत्तम आहे, तरी त्यात स्पर्धेचा भाग अधिक आला. ऐकणाऱ्याच्या बाजूने मी थोडे लिहिते.

आवारात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे, आणि आपल्याला जर कलेच्या सहवासात राहायचे असेल तर त्या इमारतीकडे जाणारी वाट पायाखालची करून घ्यावी. ज्या विभागात मुले रोज रियाज करतात, तेथे कार्यक्रमाचे निमंत्रण नसले तरी ऐकण्यासारखे पुष्कळ असते. मी तेथे शिकत असताना इतर अधिविभागांतले काही विद्यार्थी संध्याकाळी येत, शिक्षकांना विचारून भिंतीशी बसत आणि शांतपणे ऐकून जात. त्यांना कोणी परके मानले नाही. मात्र न विचारता दारात उभे राहू नये आणि रियाज चालू असताना मध्येच उठून जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

आजोबांच्या पखवाजाला कणीक लावल्यावर आवाज कसा उतरतो हे आपण ऐकत होतात, असे आपण लिहिले आहे. ताई, ज्याचे कान तेवढे ऐकतात त्याला मैफलीत परके वाटण्याचे काहीच कारण नाही. आपण पहिल्यांदा याल तेव्हा गाणे सुरू होण्याच्या आधी या, आणि तंबोरा लावताना पाहा. घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली एक बारीक सुती धागा असतो, त्याला जवारीचा धागा म्हणतात. तो केसभर पुढे किंवा मागे सरकवला की तीच तार आधी ठोकळ आणि मग एकदम मोकळी, झंकारयुक्त बोलू लागते. कणकेने डाव्या बाजूचा आवाज जसा खोल जातो, तसाच या धाग्याने तारेचा आवाज उघडतो. हे एकदा कानाला समजले म्हणजे पुढे गायक षड्जावर, म्हणजे 'सा'वर, का थांबला आहे आणि कशाची वाट पाहतो आहे, हे आपोआप कळू लागते. हे तंबोरे बहुतेक मिरजेचे असतात, म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या परिसरातले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कधी सुट्टीच्या दिवशी तेथल्या सतारमेकर मंडळींच्या गल्लीत जाऊन भोपळे वाळत घातलेले पाहावेत, तेही एक शिक्षणच आहे.

कोल्हापुरात ख्यालगायन ऐकायचे तर जयपूर-अत्रौली घराण्याचे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात येथे दरबार गायक होते. तारुण्यात आवाज बिघडल्यानंतर त्यांनी आपल्या गायकीची नवी मांडणी केली आणि तीच पुढे घराण्याची ओळख ठरली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. नवख्या कानाला ही गायकी अवघड जाते, हे मी मोकळेपणाने सांगते. राग अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे असतात, लय ठाय, म्हणजे संथ असते आणि तानेचा पेच पटकन उलगडत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत सगळे समजले पाहिजे असा हट्ट धरू नये. मी स्वतः पहिले सहा महिने फक्त समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत असे. सम आली की शेजारच्या वृद्ध श्रोत्यांची मान हलते, आणि त्या मानेवरून मी सम शिकले. गावातल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत, जी एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे, अशी मान हलवणारी माणसे अजूनही भेटतात.

मिरजेला ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी होणारी संगीतसभा हीदेखील चुकवू नये. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या स्मरणाशी ती जोडलेली आहे. दर्ग्याच्या आवारात झाडाखाली बसून रात्रभर ऐकायचे असते आणि तेथे तिकीट नाही. जाताना मैत्रिणींचा गट करून जावे, कारण परतायला पहाट होते.

उत्तर: तिसरा मजला

मी याच विद्यापीठात विज्ञान शाखेचा विद्यार्थी आहे, म्हणून व्यवहाराची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. वर सव्वा महिन्याच्या तालमीचे वर्णन आले आहे. ते वाचायला सुंदर आहे, पण एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात प्रात्यक्षिके दुपारभर चालतात आणि एखादी अभिक्रिया अर्ध्यावर सोडून तालमीला जाता येत नाही. मी गेल्या वर्षी लोकनृत्य आणि पथनाट्य अशा दोन संघांत नाव दिले आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलो. माझ्यामुळे नऊ जणांची रचना पुन्हा बसवावी लागली, याची खंत अजून आहे. तेव्हा सांघिक स्पर्धा घ्यायची झाल्यास एकच घ्यावी, आणि नाव देण्यापूर्वी आपल्या मार्गदर्शक शिक्षकांना विश्वासात घ्यावे. मातीकाम किंवा स्थळचित्रण यांत तयारी आपल्या वेळेने करता येते, म्हणून त्याबाबत मी पहिल्या उत्तराशी सहमत आहे.

उत्तर: राजारामपुरीकर

बाळ, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा निवृत्त शिक्षक आहे, म्हणून एकेरीत लिहितो; राग मानू नकोस.

विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली, आणि वर्धापनदिनाच्या सुमारास आवारात नेहमी काही ना काही कार्यक्रम असतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि जानेवारीतला भाषा संवर्धन पंधरवडा या दिवसांत मराठी विभागाकडे लक्ष ठेव. कवितावाचने, अभिवाचने, व्याख्याने यांना रसायनशास्त्राची मुलगी आली तर मराठीच्या शिक्षकांना आनंदच होतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भावे यांनी सांगलीत पहिला नाट्यप्रयोग केला, आणि सांगली तुमच्या विद्यापीठाच्या कक्षेत आहे याचा नाटक करणाऱ्या मुलांना अभिमान वाटला पाहिजे.

पण सर्वात आधी, येत्या शनिवारी किंवा मोकळ्या दिवशी, वेळ विचारून वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय पाहा. ते आवारातच आहे. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात राहिले आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने मराठीला तो मान पहिल्यांदा मिळाला. संग्रहालयात त्यांची हस्तलिखिते, पत्रे आणि वापरातल्या वस्तू आहेत. मी विद्यार्थ्यांना घेऊन जात असे, तेव्हा सांगत असे की घाईने फिरू नका, एकाच कागदासमोर दहा मिनिटे उभे राहा. छापील पुस्तकात न दिसणारी खाडाखोड तेथे दिसते. एक वाक्य लिहिले, त्यावर रेघ मारली, वर दुसरे लिहिले, तेही बदलले. मूकनाट्यातल्या त्या नाड्याचे वर लिहिले आहे ना, तेच काम लेखक कागदावर करतो. उतारवयात त्यांची दृष्टी गेली, आणि तरीही लेखन थांबले नाही. दुसऱ्यांना सांगून ते लिहून घेत. हे ठाऊक असले म्हणजे ती अक्षरे वेगळी दिसतात.

आवाराबाहेरही ये. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शने आणि व्याख्याने होतात, आणि केएमटीच्या शहर बसने तिथवर सहज येता येते. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असते, कोल्हापूर तिचे केंद्र आहे आणि तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे असते. तेथे महिनाभरात तू जेवढी नाटके पाहशील, तेवढी एरवी पाच वर्षांत पाहून होणार नाहीत. वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ लक्षात घेऊन आधी अधीक्षकांची लेखी परवानगी काढ, म्हणजे शेवटचा अंक सोडून उठावे लागणार नाही.

ही स्पर्धा आम्ही वर्षानुवर्षे केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिली. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते उभारले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे नाव त्या नाट्यगृहाला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शेजारी माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते, अनोळखी. ते काही बोलले नाहीत, फक्त रस्त्यावर खाली बसले. पहिल्या रांगेतल्या लाकडी खुर्चीवर मी वडिलांच्या मांडीवर बसून पहिले संगीत नाटक पाहिले होते, तो मंच धूर होऊन वर जात होता. तेव्हापासून मला असे वाटते की, आज जे जिथे चालू आहे ते उद्यावर टाकू नये. तू या महिन्यातच जा.

सह्यकुशी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. राजारामपुरीकर आजोबा, मी शनिवारी संग्रहालय पाहून आले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एकाच पानासमोर उभी राहिले. तिथल्या शांततेत माझ्या मागे आलेल्या शाळेच्या मुलांचा गट केव्हा पुढे गेला हे मला समजले नाही. काल अधिविभागातल्या मॅडमना भेटून मातीकामासाठी नाव दिले. निवडीला अजून तीन आठवडे आहेत. मॅडम म्हणाल्या की, तोवर रोज एक तास सराव कर, पण माती तुझी तूच आण. शेतातली काळी माती आणून पाहिली, ती वाळताना तडकते. सरावासाठी चांगली माती कोल्हापुरात कुठे मिळेल?

पडद्यामागे

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जावे आणि शाडू मागावी. गणपतीच्या मूर्ती घडवणारी घरे तेथे आहेत. विद्यार्थिनी आहे आणि सरावासाठी हवी आहे असे सांगावे, म्हणजे किती आणि कशी भिजवायची हेही ते दाखवतील. पहिल्या वेळी पाच किलो पुरे. रात्रभर भिजवून, खडे काढून, कणकेसारखी मळावी. ते काम आपल्या हाताला ठाऊकच आहे. सराव झाल्यावर उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून बादलीत झाकून ठेवावी, आणि वसतिगृहाच्या मोरीत हात धुऊ नयेत, नळी तुंबते. एका वेगळ्या बादलीत धुवावेत आणि ते पाणी झाडांना घालावे.